शेरडं कुणाच्या तारखेला विकायची?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, किंवा ज्यांचा इयरफोन एकाच कानात वाजतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना येणारे शंभरेक 'म्हणजे' आणि मागची कुकरची शिट्टी वगळली आहे. बाकी बोललो तसंच आहे.

मी राहतो चामटोलीला. बदलापूरच्या पुढे, वांगणीच्या अलीकडे, उल्हास नदीच्या जवळ. बाहेरच्या लोकांनी हे नाव बहुतेक एकदाच ऐकलेलं असतं, 27 जुलै 2019ला. आदल्या रात्री मुंबईहून सुटलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्या इथे पुरात अडकली होती आणि हजारेक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. दिवसभर टीव्हीवर तेच. आता गंमत बघा. ही गाडी इथून पुण्याला जाते आणि पुढे लोणंद, सातारा, कराड करत कोल्हापूरला. साताऱ्याच्या पूर्वेला माण तालुका आहे, तिथली माणसं याच मार्गाने गावाला जातात. आणि माण तालुका त्या वेळी कुठे होता? 2018च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्या यादीत. इकडे रुळांवर पाणी, तिकडे चारा छावण्या. बदलापूरला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माणमध्ये 500 पडला तरी लोक खूश. सह्याद्री सगळे ढग अलीकडेच अडवून धरतो आणि पलीकडे पोचतो तो नुसता वारा.

आमचं घर मूळचं त्या वाऱ्यातलं. माझी आत्या अजून तिकडेच असते, म्हसवडच्या बाजूला एका वाडीवर. तिच्याकडे तीन शेळ्या आहेत. माणदेशात शेळी म्हणत नाहीत कुणी, 'शेरडं' म्हणतात. आजचा भाग त्या शेरडांच्या अर्थकारणावर आहे, कारण गेल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून एकच विचारलंय: "दादा, नोकरी सोडून शेळीपालन करू का? रीलमध्ये सांगतायत शंभर शेळ्यांत महिना लाख सुटतो." त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी तीन शेळ्या समजून घेऊ, मग शंभर.

म्हसवड म्हणजे माण नदीकाठचं छोटं शहर. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या 24 हजारांच्या आसपास. सिद्धनाथाचं मोठं देवस्थान, मार्गशीर्षातली रथयात्रा, बाजारपेठ, बँका, एसटी स्टँड. आजूबाजूला माळ, बाभळी, बोरी, ज्वारी-बाजरीची पट्टी आणि जिथे पाणी पोचलं तिथे डाळिंब. माणदेश म्हटलं की वाचणाऱ्यांना व्यंकटेश माडगूळकर आठवतात. त्यांचं माडगूळ शेजारच्या आटपाडी तालुक्यातलं आणि 'बनगरवाडी' याच मुलखातली. ती कादंबरी 1955ची आहे. तेव्हापासून मोबाईल आले, टँकर आले, पण पाऊस गेला की माणसांनी आणि जनावरांनी गाव सोडायचं हे फारसं बदललं नाही. पुरुष बाहेर जातात. कुणी मुंबईत माथाडी, कुणी ऊसतोडीला, आटपाडी-विट्याकडचे तर सोन्याचांदीच्या गलाईसाठी थेट दुसऱ्या राज्यांत. घरी राहते बाई, आणि तिच्याबरोबर शेरडं.

आता मुद्दा. शेळीला 'गरिबाची गाय' म्हणतात, हल्ली 'गरिबाचं एटीएम' म्हणतात. मला हे दुसरं नाव पटत नाही. एटीएममधून आज काढा नाहीतर पुढच्या महिन्यात काढा, हजाराचे हजारच निघतात. शेळीचं तसं नाही. तीच शेळी, त्याच वजनाची, एका दिवशी नऊ हजारांना जाते आणि दुसऱ्या दिवशी पाचला. सगळा खेळ तारखेचा आहे. विकायची तारीख बाईने ठरवली तर शेळीपालन हा धंदा. तारीख दवाखान्याने, दुष्काळाने किंवा व्यापाऱ्याने ठरवली तर ती नुसती मोडून खायची वस्तू. पुढे मी जे काही सांगणार आहे, रेतन, लस, वजनकाटा, बँक, ते सगळं या एका प्रश्नाशी जोडलेलं आहे: तारीख कुणाच्या हातात?

आधी शेळीचं घड्याळ बघू. शेळी गाभण राहिल्यापासून साधारण 150 दिवसांत विते. व्यायल्यावर पिल्लं तोडून तिला पुन्हा वेळेवर बोकड मिळाला, तर 14-15 महिन्यांत दोन वेत होतात. ती साधारण 21 दिवसांच्या फेऱ्याने माजावर येते, आणि एक माज हुकला की तीन आठवडे गेले. माणदेशातल्या बऱ्याच शेरडांत उस्मानाबादी रक्त आहे. काळी, उंच पायांची, कमी पाण्यात तग धरणारी जात, जुळी करडं हा तिचा मोठा गुण. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या शेळीच्या जाती चार: उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ. पहिल्या तीन कोरड्या मुलखातल्या, चौथी सिंधुदुर्गाकडची, पाऊस सोसणारी. (आमच्या चामटोलीत उस्मानाबादी आणून पावसाळ्यात ओल्या जमिनीवर बांधायचा विचार असेल तर थांबा. खुरं सडतात, सर्दी होते, जंत होतात. इथे जमिनीपासून उचललेला फळ्यांचा माचा लागतोच.)

शेळी खाते कशी हेही माहीत हवं. गाय-म्हैस खाली मान घालून गवत ओढतात. शेळी मान वर करून खाते. तिचा वरचा ओठ इतका चपळ की बाभळीच्या दोन काट्यांमधलं पान नेमकं उचलते. मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरीचा शेंडा खाते. उन्हाळ्यात माळावर गवताची काडी नसते तेव्हा बाभळीच्या शेंगा गळतात, आणि त्या शेंगा म्हणजे तिची पेंड. म्हणून दुष्काळी पट्ट्यात गाय आधी जाते आणि शेळी शेवटपर्यंत टिकते. आत्याच्या तीन शेळ्यांचा चाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे: बांधावरचा पाला, ज्वारीची वैरण, भाजीची देठं, शेंगा. तिच्या खर्चात पैसे फार कमी असतात आणि श्रम खूप असतात. रोज चार-पाच तास चारायला लागतात, आणि ते तास कुठल्याच हिशेबात कुणी धरत नाही. आत्यासुद्धा धरत नाही.

ज्यांच्याकडे शेळी घ्यायलाही पैसे नाहीत, ते अर्धलीनं करतात. म्हणजे शेळी एकाची, सांभाळायची दुसऱ्याने, आणि करडं निम्मी-निम्मी. कागद नाही, सही नाही. मुंबईत रिक्षा चालवणारा पुतण्या गावातल्या चुलतीला दोन पाटी घेऊन देतो आणि वर्षाने दोन करडांचा मालक होतो. (पाट म्हणजे तरणी, अजून न व्यायलेली शेळी.) चुलतीला भांडवलाशिवाय धंदा, पुतण्याला गावात न राहता. चांगली व्यवस्था आहे, फक्त शेळी मेली की भांडण ठरलेलं.

आता हिशेब मांडतो. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या बाजारात वेगळे असतील. तीन शेळ्यांची वर्षाला सहा करडं धरू. एक दगावतं, एक चांगली पाट घरात ठेवायची. विकायला उरली चार. आठ-नऊ महिन्यांचं करडू 20 किलोचं झालं आणि जिवंत वजनाचा दर 400 रुपये किलो धरला, तर एकाचे 8000, चारांचे 32 हजार. लेंडीखत वेगळं, चहापुरतं दूध वेगळं. कोरडवाहू दोन-तीन एकरांत बाजरी करणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. आत्याच्या धाकटीची बारावीनंतरची फी अशीच भरली गेली.

पण त्या 20 किलोंत एक मोठा घोळ आहे. आत्याला माहीत नसतं ते करडू 20 किलोचं आहे. शेळ्या-बोकड बहुतेक ठिकाणी उक्ते विकले जातात, नजरेच्या अंदाजाने. व्यापारी पाठीच्या कण्यावर हात फिरवतो, कमरेला चिमटा घेतो, मागचे पाय जमिनीवरून उचलून पाहतो, आणि त्याच्या डोक्यात आकडा तयार. आटपाडीचा शनिवारचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार एकदा बघाच. पहाटेपासून गाड्या लागलेल्या, दलाल फिरतायत, रुमालाखाली बोटं धरून भाव चाललेले. मला तिथे पहिल्यांदा गेल्यावर वाटलं होतं काय रसरशीत आहे हे सगळं. आहेच. पण त्या रुमालाखाली एकाने आयुष्यात पंचवीस हजार जनावरं उचलून पाहिलेली असतात, आणि दुसऱ्याने वर्षाला चार. अंदाज कुणाचा बरोबर येणार? व्यापारी लबाड असायचीही गरज नाही. त्याने 17 किलो धरले आणि जनावर 20चं निघालं, की एका करडामागे 1200 रुपये गेले. चारांमागे 4800. आत्याच्या वर्षभराच्या लसी, जंताचं औषध आणि व्यायलेल्या शेळीला घातलेली पेंड, सगळं धरून एवढं होत नाही.

त्यातून बाजाराला जातो पुरुष. सांभाळलं बाईने, विकलं काकाने किंवा शेजारच्या भाऊंनी, आणि घरी येईपर्यंत त्यातले पाचशे कुठेतरी विरघळतात. दारात आलेल्या व्यापाऱ्याला बाई विकते तेव्हा पैसे तिच्या हातात पडतात, पण भाव कमी मिळतो. मी बरीच घरं पाहिली जिथे बायका मुद्दाम दारात, कमी भावात विकतात. बाहेरून हे अडाणीपणाचं वाटतं. खरं तर हा त्यांनी केलेला हिशेब आहे: हातात पडणारे 6500 हे नुसते ऐकू येणाऱ्या 7500 पेक्षा जास्त असतात.

इथे म्हसवडच्या एका गोष्टीचा उल्लेख करायलाच हवा. 1997 साली तिथे माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली, चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या बायकांनी मिळून. रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता, कारण संस्थापक सभासदांतल्या कितीतरी जणी अंगठा लावणाऱ्या होत्या. बायका रात्रीचे वर्ग करून अक्षरं शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि तोंडी व्याज काढून दाखवायची तयारी दाखवली. परवाना मिळाला. ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते, प्रेरणादायी वगैरे म्हणून. माझं लक्ष तिच्या दुसऱ्या टोकाकडे जातं. मुलगा आजारी पडला आणि त्या संध्याकाळी हातात तीन हजार हवेत, अशा वेळी बाईकडे दोनच रस्ते असतात, सावकार नाहीतर शेरडू. तिसरा रस्ता, म्हणजे स्वतःच्या नावावरचं खातं किंवा छोटं कर्ज, तयार झाला की शेरडू अजून दोन महिने दावणीला राहतं. दोन महिन्यांत ते चार-पाच किलो वाढतं. बँकेचा खरा फायदा त्या चार-पाच किलोंत आहे.

याच संस्थेच्या फाउंडेशनने गावातल्या बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण दिलं. गाईंचं रेतन आपल्याला माहीत आहे, शेळीचं अजून नवं वाटतं. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर ठेवलेल्या वीर्याच्या कांड्या, त्या वितळवायच्या, शेळी खरंच माजावर आहे का ते ओळखायचं. शेपटी हलवणं, सारखं ओरडणं, चारा सोडणं, ही लक्षणं बायकांना आधीपासूनच माहीत होती, फक्त हातात बंदूक नव्हती. (रेतनाच्या नळीला गावाकडे 'गन'च म्हणतात, घाबरू नका.) याचा फायदा काय? एक, गावात बोकड राहत नाही ही मोठी अडचण आहे. चांगला वाढलेला बोकड आधी विकला जातो आणि मागे राहतो तो किरकोळ. त्याच किरकोळाची पिल्लं वर्षानुवर्षं. पुन्हा तोच कळपातल्या बहिणींवरही. दोन, माज हुकत नाही.

या कामाच्या मागे फलटण आहे. तिथली निंबकर कृषी संशोधन संस्था, 'नारी', बी. व्ही. निंबकरांनी 1968 साली काढलेली. (इरावती कर्व्यांचे हे जावई. लेखिका जाई निंबकर त्यांच्या पत्नी.) दक्षिण आफ्रिकेची बोअर शेळी भारतात पहिल्यांदा याच संस्थेने 1993 साली आणली, आणि तीही जिवंत नाही, गोठवलेल्या भ्रूणांच्या रूपात. बोअरचा प्रौढ नर शंभर किलोंपर्यंत जातो, आपली उस्मानाबादी शेळी 30-35 किलोंची. संकराची करडं लवकर वजन धरतात. पण बोअर रक्त जितकं जास्त तितका खुराक जास्त लागतो, म्हणून माळावरच्या शेळीला ते किती द्यायचं हे चाऱ्याकडे बघून ठरवावं लागतं. रीलमध्ये दिसणारा तो पांढरा, लाल डोक्याचा दणकट बोकड माणच्या माळावर नुसत्या बाभळीवर सोडला तर महिन्याभरात त्याचा फोटो काढायची इच्छा उरणार नाही.

आता ती तारीख. शहरातल्या मागणीचं कॅलेंडर तुम्हाला पाठ आहे, फक्त तसं कधी बघितलं नसेल. आषाढात, गटारीच्या आदल्या दिवसांत, बदलापूर स्टेशनच्या दोन्ही बाजूंना मटणाच्या दुकानांपुढे रांगा. दुसऱ्या दिवशी श्रावण आणि दुकानदार माश्या मारतोय. मग नवरात्र, मार्गशीर्ष असे खाडे. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा. आणि या सगळ्यावर बकरी ईद. मुंबईत देवनारला 1971पासून असलेला पालिकेचा कत्तलखाना आहे, तिथे ईदेच्या आधी राजस्थानपासूनची जनावरं उतरतात, दीड-दोन लाखांच्या घरात. तिथे भाव किलोवर कमी आणि रूपावर जास्त ठरतो: शिंगं, रंग, उंची, कान.

ईद चांद्र कॅलेंडरप्रमाणे येते, म्हणून दर वर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकते. 2019 ला ती 12 ऑगस्टला होती, 2023 ला 29 जूनला, 2025 ला 7 जूनला. माणदेशासाठी हा बदल फार मोठा आहे. ऑगस्टच्या ईदेला निदान एक-दोन पावसांचा हिरवा पाला पोटात जायचा. जूनच्या ईदेसाठी मार्च, एप्रिल आणि मे हे तीन कोरडे महिने बोकड फुकटात नाही, विकतच्या चाऱ्यावर सांभाळावा लागतो. आणि कुर्बानीचा बोकड किमान वर्षाचा पूर्ण हवा. आता उलटं मोजा: मेच्या शेवटी ईद हवी असेल तर करडू आदल्या वर्षी मेच्या मध्यापर्यंत जन्मलेलं हवं, म्हणजे शेळी त्याच्या आधीच्या डिसेंबरच्या मध्यापर्यंत गाभण. विक्रीच्या जवळपास दीड वर्ष आधी निर्णय! तोही दर वर्षी 11 दिवस मागे सरकवत. हे ज्यांना जमतं ते ईदेचा भाव घेतात. बाकीचे ईदेच्या व्यापाऱ्याला नोव्हेंबरातच सहा महिन्यांचं करडू देऊन टाकतात आणि तो ते उन्हाळाभर सांभाळून नफा घेतो. पुढे ईद एप्रिल-मार्चकडे सरकली की उन्हाळा टळेल आणि हे गणित माणच्या बाजूने झुकेल. 2030च्या सुमाराला ती एप्रिलच्या मध्यावर असेल. आत्ता कॉलेजात असणाऱ्यांनी ही नोंद ठेवा.

मग येतो दुष्काळ, आणि सगळ्या तारखा एकाच आठवड्यात येतात. प्रत्येकाकडचा चारा एकदम संपतो, प्रत्येकाला एकदम विकायचं असतं, आणि गावातला जिवंत शेळीचा भाव कोसळतो. शहरातलं मटण मात्र तेवढ्याच भावाला राहतं. अमर्त्य सेन यांच्या 1981च्या दुष्काळावरच्या पुस्तकात इथिओपियाच्या 1973च्या दुष्काळाचं नेमकं हेच चित्र आहे: पशुपालकांची जनावरं तर मेलीच, पण उरलेल्या जनावरांच्या बदल्यात मिळणारं धान्य इतकं कमी झालं की भूक तिथून आली. बाजारात धान्य होतं. ते विकत घेण्याची जनावराची किंमत राहिली नव्हती. आपल्याकडे रेशन आहे, छावण्या होतात, त्यामुळे तितकं होत नाही. पण छावण्या मुख्यतः गाई-बैलांसाठी असतात. 2019च्या उन्हाळ्यात आत्याने दोन शेळ्या विकल्या, त्यातली एक गाभण होती. गाभण शेळी विकणं म्हणजे माणदेशात काय असतं हे शहरात सांगून समजत नाही. ती दोन दिवस जेवली नाही असं वडील सांगतात. पुन्हा तीन शेळ्या व्हायला तिला तीन वर्षं लागली.

रोगाचंही तेच. पीपीआर नावाचा विषाणूचा आजार आहे, ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, तोंड येणं, हगवण, आणि आठवड्यात कळप साफ. भारतात तो 1987 साली तामिळनाडूत पहिल्यांदा नोंदला गेला. एका लसीने साधारण तीन वर्षं संरक्षण मिळतं. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडावर द्यायची, कारण पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर शेरडं तुटून पडतात आणि एका रात्रीत मरतात. लस स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळते. अडचण अशी की दवाखाना वाडीपासून दूर, आणि तीन शेळ्यांसाठी कुणी येत नाही. वाडीतल्या दहा घरांनी एकच दिवस ठरवून डॉक्टरांना बोलावलं की येतात.

एक गोष्ट शेळीच्या विरोधातली सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी बोललास. हिवरे बाजार, राळेगणसिद्धी, अलीकडे पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत उतरलेली माणमधली गावं, या सगळ्यांनी डोंगर हिरवे केले ते कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करून. मोकाट शेळी नवं रोप जगू देत नाही हे खरंच आहे. पण चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत झाला की त्याची किंमत भूमिहीन घर देतं, कारण ज्याच्याकडे बांध आहे तो बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा लावून दावणीला पाला आणतो. ज्याच्याकडे बांधच नाही त्याने काय करायचं? काही गावांत बंदी असलेल्या डोंगरावरचं गवत कापून न्यायची मुभा असते. मला तोच मार्ग न्यायाचा वाटतो. शेळीला बंदी असावी, विळ्याला असू नये.

आता शंभर शेळ्या. 2019च्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात शेळ्या 1 कोटी 6 लाख, देशात 14 कोटी 88 लाख. यातल्या बहुसंख्य दोन-चार-दहाच्या कळपांत आहेत. याला कारण आहे. आत्याची शेळी माळावरचं उरलंसुरलं खाते. शंभर शेळ्यांना पुरेल एवढं उरलंसुरलं कुठल्याच गावात नसतं. बंदिस्त शेडमध्ये एका शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा, किलोभर वाळलेला आणि पाव किलोपर्यंत खुराक लागतो. शंभरांना झाले रोज तीन-चारशे किलो हिरवं, एक क्विंटल सुकं आणि 25 किलो खुराक. खुराक 30 रुपये किलोने धरला तरी त्याचेच महिन्याला 22 हजार पाचशे. चारा, मजूर, वीज, औषध अजून बाकी आहे.

आणि पैसे कधी येतात? आज शेळ्या आणल्या, चार बाजारांतून, म्हणजे चार ठिकाणचे रोगही आणले. तीन आठवडे वेगळ्या बांधायच्या. मग गाभण, पाच महिने. मग करडू आठ-नऊ महिने वाढवायचं. पहिली विक्री व्हायला सव्वा वर्ष. राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 शेळ्या आणि 5 बोकडांच्या प्रकल्पाला 50 टक्के, 10 लाखांपर्यंत अनुदान आहे. योजना चांगली आहे, ते खरं आहे. पण उरलेले पैसे कर्जाचे असतील तर हप्ता सव्वा वर्ष वाट बघत नाही. मग काय विकलं जातं? आईच विकली जाते. इथे तारीख दुष्काळाने नाही, हप्त्याने ठरवली एवढाच फरक. मी पाहिलेल्या बंद पडलेल्या शेडपैकी बहुतेक याच कारणाने बंद पडल्या, आणि त्यातल्या काही मालकांचं रील अजून फिरतंय. चालणाऱ्याही आहेत. त्यांच्याकडे आधी दोन एकर पाण्याखालचा चारा होता, मग शेळ्या आल्या, आणि संख्या दहावरून वाढत गेली.

तर ज्यांनी विचारलं त्यांना माझं उत्तर: नोकरी सोडू नका. गावात कुणी सांभाळणारं असेल तर अर्धलीनं तीन पाटी घ्या, लस आणि खुराकाचा खर्च तुम्ही द्या, आणि दोन वर्षं वहीत लिहा. चारायला जाणाऱ्या माणसाचे तासही लिहा. त्यानंतर शेड बांधायची की नाही हे मला विचारायची गरज पडणार नाही.

आणि एक वजनकाटा घ्या. हुकाचा, लटकवायचा, काही शेकड्यांत मिळतो. मी दिवाळीत आत्याला नेऊन दिला, तिने तो दारातल्या लिंबाला टांगलाय, खाली पोत्याची झोळी. करडू झोळीत घालायचं, पाय लटकतात, ओरडतं, आकडा येतो. आता वाडीतल्या बायका दर पंधरा दिवसांनी करडं घेऊन तिच्याकडे येतात आणि आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवतात. गेल्या महिन्यात व्यापारी आला, त्याने सवयीने पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला पंधरा भरेल. आत्याने कॅलेंडरकडे बोट दाखवलं: साडेअठरा. त्याने थोडी कुरकूर केली. मग म्हणाला, काटा दाखवा तुमचा. दोनदा तोलून बघितलं त्याने. सौदा त्या दिवशी झाला नाही, कारण आत्या म्हणाली आता विकायचंच नाही, अजून महिनाभर राहू दे.